आमचा विभाग व आमचा शेजारी

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त झालेल्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मग्रामाच्या प्रमुखानें काय बोलावें याचा एक पायंडाच पडून गेला आहे. देवळाचा पाया कोणी घातला, घंटा कोणी दिली, कोणकोण धर्मगुरु येथें राबून गेले, हें सांगावयाचें, दात्यांचे आभार मानावयाचे, व आशीर्वाद देऊन खालीं बसावयाचें. ती सर्व हकीकत ह्या पुस्तिकेंत अन्यत्र आलेली आहे व लिहिणारांनीं ती परिश्रमपूर्वक लिहिलेली आहे; सबब तिची पुनरुक्ति आम्ही करीत नाहीं. आज आम्ही आपणांस देवळाच्या आवाराबाहेर नेणार आहों. ज्याच्या रस्त्यांवरून आपण मिस्सेस येतों, ज्याच्या नळाचें पाणी आपण पितों, व ज्याच्या कचेरींत आपल्या जन्ममृत्यूची नोंद होते, त्या मुंबई महानगरपालिकेच्या ‘जी उत्तर’ विभागाविषयीं, म्हणजे दादर, माहीम व धारावी यांविषयीं, आम्ही चार शब्द बोलणार आहों.

हा विषय ऐकून एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं आम्हांस विचारलें, “फादर, महोत्सवांत महानगरपालिका कशाला?” प्रश्न रास्त होता. त्यास उत्तर असें कीं, ज्यास आपण इंग्रजींत ‘पॅरिश’ म्हणतों तो शब्द मुळांत ‘पारोइकिया’ ह्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. त्याचा अर्थ दुहेरी आहे: शेजारीं राहणें, आणि परक्या ठिकाणीं पाहुण्यासारखें राहणें. त्यांत इमारतीचा उल्लेख नाहीं, घंटेचा नाहीं. तेव्हां धर्मग्रामाचा महोत्सव हा खरें पाहतां शेजाराचा महोत्सव होय. व शेजार पाहावयाचा तर तो आवाराच्या भिंतीबाहेर जाऊनच पाहिला पाहिजे.

नकाशा पुढें ठेवून पाहतां हा विभाग फार मोठा नाहीं. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ९ चौरस किलोमीटर. धडधाकट मनुष्य एका सकाळींत त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायीं सहज जाईल. पश्चिमेस माहीमचा उपसागर, उत्तरेस मिठी नदी व माहीमची खाडी, दक्षिणेस प्रभादेवीची बाजू. मधून पश्चिम रेल्वेचे रूळ गेले आहेत. रुळांच्या पश्चिमेस दादर व माहीम. पूर्वेस, पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे व मिठी नदी ह्यांच्या त्रिकोणांत, धारावी. एवढ्याशा जागेंत २०११ च्या जनगणनेच्या वेळीं सुमारें ६ लक्ष माणसें राहत होतीं. महाराष्ट्रांतील कित्येक जिल्ह्यांच्या शहरांत मिळून इतकी वस्ती नसेल.

माहीम हें मुंबईच्या मूळ सात बेटांपैकीं एक. धारावी ही त्याच्या पूर्वेस खाडीच्या चिखलांत वसलेली कोळ्यांची वाडी. आज जेथें मोटारींची रांग लागते तेथें एके काळीं ओहोटीच्या वेळीं चिखल व भरतीच्या वेळीं पाणी असे. माहीम व वांद्रें ह्यांमधली खाडी होडीनें ओलांडावी लागे, व होड्या बुडून माणसें दगावत. १८४५ सालीं त्या खाडीवर बांधरस्ता खुला झाला, तो लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई ह्या पारशी बाईंनीं दीड लक्षांहून अधिक रुपये दिल्यामुळें. ह्या रस्त्यावरून आपल्यापैकीं कितीजण वांद्र्याच्या मोत माउलीच्या यात्रेस गेले असतील! हिंदूंच्या, मुसलमानांच्या व ख्रिस्ती लोकांच्या पायांखालीं पारशी बाईचें औदार्य पसरलेलें आहे, हें सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं.

पाण्यावर भराव घालून भूमि मिळविली, म्हणून पाणी आपला हक्क विसरलें असें मात्र नाहीं. विहार व पवई तलावांच्या सांडव्यापासून निघणारी मिठी नदी सुमारें १८ किलोमीटर वाहून आपल्याच दारीं समुद्रास मिळते. तिच्या कांठीं झोपड्या, कारखाने, गोदामें, रस्ते, सर्वांनीं हात पसरले. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, व मिठीनें आपली जागा एका दिवसांत परत मागितली. त्या रात्रीं कोणाच्या घरांत पाणी शिरलें व कोणाच्या नाहीं, हें जातीवरून किंवा धर्मावरून ठरलें नाहीं, तर जमिनीच्या उंचीवरून ठरलें. आणि सखल जमीन गरिबाच्याच वांट्यास येते, हा भूगोलाचा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकांत लिहिलेला नसतो.

आतां येथील माणसांकडे वळूं. आधीं कोळी. त्यांच्या मागून, तेराव्या शतकांत, बिंब राजा आपल्या परिवारासह आला व त्यानें महिकावती ही राजधानी केली, अशी परंपरा आहे. पाठारे प्रभु लोक आपलें येथील आगमन त्याच्याशीं जोडतात. मखदूम अली माहीमी हे थोर मुसलमान पंडित (१३७२ ते १४३१) येथलेच. त्यांनीं कुराणावर अरबी भाष्य लिहिलें, व त्यांच्या दर्ग्याच्या डिसेंबरांतील मेळ्यांत पहिली चादर मुंबईच्या पोलिसांकडून चढते. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनीं माहीमचें संत मायकलचें देऊळ १५३४ सालीं स्थापिलें असें परंपरा सांगते. दादरचें तारणमातेचें देऊळ, ज्यास सारी मुंबई ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणते, तें १५९६ चें. मराठे व पोर्तुगीज यांच्या युद्धांत वांद्र्याचें मोत माउलीचें देऊळ पडलें, तेव्हां तिची मूर्ति माहीमच्याच देवळांत आश्रयास होती, व १७६१ सालीं ती परत गेली. म्हणजे आपल्या विभागांत निर्वासित म्हणून प्रत्यक्ष माउलीही राहून गेलेली आहे.

माहीमच्या त्याच देवळांत १९४८ सालापासून दर बुधवारीं नोव्हेना चालते. तेथें मेणबत्ती घेऊन उभ्या राहणाऱ्या लोकांत ख्रिस्ती किती व इतर किती हें मोजण्याचा प्रयत्न शहाण्यानें करूं नये. ज्याच्या घरीं दुखणें आहे, ज्याच्या मुलास काम नाहीं, तो येतो. आपल्याच समाजांत तरी किती प्रकार आहेत! येथले मूळचे ईस्ट इंडियन, ज्यांनीं हें नांव १८८७ सालीं, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, धारण केलें, गोंयकार, मंगळूरकर, तमिळ, व उत्तरेकडून अलीकडे आलेलीं कुटुंबें. एकाच बांकावर पांच भाषा बसतात, व शांतीची खूण देतांना एकमेकांचें नांव पुष्कळांस ठाऊक नसतें.

दादर व शिवाजी पार्क ही वस्ती मागाहूनची. १८९६ च्या प्लेगानंतर १८९८ सालीं सुधारणा मंडळ स्थापन झालें, व गर्दीनें गुदमरलेल्या शहरास उत्तरेकडे रुंद रस्ते व हवेशीर घरें देण्याचें काम त्यानें आरंभिलें. माहीम पार्क म्हणून १९२५ सालीं खुल्या झालेल्या मैदानास १९२७ सालीं, छत्रपतींच्या जन्मास तीन शतकें झाल्याबद्दल, शिवाजी पार्क हें नांव मिळालें. तेथून हांकेच्या अंतरावर, दादरच्या समुद्रकांठीं, ७ डिसेंबर १९५६ रोजीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या देहास अग्नि देण्यांत आला. व दरवर्षीं ६ डिसेंबरास लक्षावधि माणसें चैत्यभूमीवर येतात. रात्रभर रांगेंत उभे राहून हीं माणसें परत जातांना पुस्तकें विकत घेऊन जातात. ज्यांस ह्या गर्दीचा त्रास वाटतो, त्यांस आम्ही सांगूं कीं, मनुष्यास मनुष्य म्हणून उभें करणाऱ्याचें स्मरण पायीं चालून करणारी ही यात्रा पाहून ख्रिस्ती अंतःकरणास आदरच वाटला पाहिजे.

आणि धारावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराच्या कडेला लोटलेले चामडें कमावण्याचे कारखाने येथें आले, व त्यांबरोबर तमिळ प्रांतांतले कामगार. सौराष्ट्रांतून कुंभार आले व त्यांचा कुंभारवाडा झाला. उत्तर प्रदेशांतून व बिहारांतून भरतकाम व शिवणकाम करणारे आले. मराठवाडा व कोंकण येथून पोट भरावयास आले. सुमारें अडीच चौरस किलोमीटरांच्या आंत बाहेरची दुनिया ‘झोपडपट्टी’ पाहते; वस्तुतः तो एक प्रचंड कारखाना आहे. तुमच्या हातांतला कातडी पट्टा, कमरेची पिशवी, दिवाळीची पणती, टाकून दिलेल्या प्लास्टिकाचा पुन्हा झालेला डबा, हीं तेथून येतात. शहराचा कचरा जेथें टाकीत असत तेथें १९९४ सालीं निसर्ग उद्यान खुलें झालें. म्हणजे झाडेंही त्या भूमीवर उगवतात, फक्त कोणी लावलीं पाहिजेत.

ह्या सर्वांचा कारभार कसा चालतो? मुंबईची महानगरपालिका १८८८ च्या कायद्यान्वयें चालते. लोकांनीं निवडलेले २२७ नगरसेवक सभागृहांत बसतात, व अंमलबजावणीचा अधिकार राज्यशासनानें नेमलेल्या आयुक्ताकडे असतो. शहराचे इंग्रजी मुळाक्षरांनीं ओळखले जाणारे विभाग पाडलेले आहेत, व प्रत्येकावर एक साहाय्यक आयुक्त आहे. नळ, गटार, रस्ता, केरकचरा, दवाखाना, परवाना, मर्तिकाचा दाखला, हें सर्व त्या एका कचेरींतून. प्रौढ मताधिकारानें येथील पहिली निवडणूक १९४८ सालीं झाली. नगरसेवकांच्या निम्म्या जागा आज स्त्रियांसाठीं राखीव आहेत. परंतु रेल्वे केंद्राची, पोलीस राज्याचे, आणि धारावीच्या पुनर्विकासाचें नियोजन राज्यशासनाच्या निराळ्या प्राधिकरणाकडे. एका गल्लींतल्या गटारास जेथें तीन धनी, तेथें तें तुंबलें तर नवल नव्हे.

शिवाय २०१७ सालीं निवडलेल्या सभागृहाची मुदत २०२२ च्या मार्चांत संपली, व २०२६ च्या जानेवारींत निवडणूक होईपर्यंत जवळ जवळ चार वर्षें एकही नगरसेवक नव्हता; सारा कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळांत आपल्यापैकीं किती जणांस ही उणीव जाणवली? आम्हांस भय वाटतें कीं, फार थोड्यांस. ज्याच्या घरीं पंप आहे व टाकी आहे, त्यास नगरसेवक नसला तरी चालतो. ज्याच्या गल्लींत पाणी पहाटे दोन घटका येतें, त्यास चालत नाहीं.

ह्या विभागानें वाईट दिवसही पाहिले आहेत. १९९२ च्या डिसेंबरांत व १९९३ च्या जानेवारींत धारावींत शेजाऱ्यानें शेजाऱ्यावर हात उगारला. त्याच वर्षीं १२ मार्च रोजीं शहरांत बाँब फुटले, त्यांतले प्लाझा चित्रगृहाजवळचे व माहीमच्या कोळीवस्तींतले आपल्याच विभागांतले. ११ जुलै २००६ रोजीं माटुंगा रोड व माहीम येथें आगगाडींत स्फोट झाले. तसेच चांगले दिवसही पाहिले. १ एप्रिल २०२० रोजीं धारावींत करोनाचा पहिला रोगी आढळला, तेव्हां साऱ्या जगानें मानलें कीं आतां ही वस्ती संपली. जेथें दहा माणसें एका खोलींत व शेंकडों माणसें एका शौचकुपावर, तेथें अंतर कसें राखावयाचें? परंतु तेथलेच खासगी डॉक्टर, विभागाचे नोकर व मंडळांचे तरुण घरोघर फिरले, शाळा व मंगल कार्यालयें विलगीकरणास दिलीं, तापाचीं शिबिरें घातलीं. व १० जुलै २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनीं धारावीचें नांव जगापुढें उदाहरण म्हणून घेतलें. ज्यांस आपण संकटाचें मूळ समजत होतों, त्यांनींच संकट आवरलें.

असो. येथवर आम्हीं आपणांस विभागाची माहिती सांगितली. आतां एक कबुली सांगावयाची आहे. आणि कबुली ऐकणें हें ज्याचें काम, त्यानें एकदां तरी ती चारचौघांत दिली पाहिजे.

गेल्या वर्षीं, पावसाळ्याच्या आरंभीं, धारावींतले एक तमिळ गृहस्थ आमच्या कचेरींत आले. चामड्याचें काम करून त्यांचीं बोटें काळीं पडलेलीं. शासनाच्या जाहीर नियमांप्रमाणें धारावींतल्या ज्या तळमजल्याच्या घरांत कुटुंब १ जानेवारी २००० पूर्वींपासून राहत आहे, त्यास तेथेंच मोफत घर. त्यानंतर आलेल्यांस व वरच्या मजल्यांवरच्यांस धारावीबाहेर. तेव्हां जुना पुरावा शोधण्याची एकच धांदल उडालेली. ते म्हणाले, “फादर, माझ्या मुलीचा बाप्तिस्मा ह्याच देवळांत झाला. वहींत आमची गल्ली, आमचा खोलीनंबर लिहिला असेल. पाहाल का?”

आम्हीं १९९९ सालची वही काढली. नोंद सांपडली. मुलीचें नांव, आईबापांचीं नांवें, धर्मपिता, धर्ममाता, सर्व कांहीं बरोबर. राहण्याचें ठिकाण ह्या रकान्यांत एकच शब्द होता: ‘धारावी’. त्याच पानावर त्याच महिन्यांतल्या आणखी सात नोंदी होत्या. त्यांत इमारतीचें नांव, मजला, रस्ता, सर्व कांहीं व्यवस्थित. आणि अक्षर आमचें होतें. नवदीक्षित साहाय्यक म्हणून आम्ही त्या वर्षीं ह्याच देवळांत होतों.

आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच ते हंसून म्हणाले, “मीं तेव्हां पत्ता सांगितला होता, फादर. जरा लांब होता.”

बंधुभगिनींनो, त्यांनीं दोष दिला नाहीं, म्हणूनच तो अधिक लागला. दादरच्या माणसाचा पत्ता लांब नसतो काय? परंतु तो आम्हीं पूर्ण लिहिला; कारण त्या इमारतींत आम्ही गेलों होतों, चहा घेतला होता, ती आमच्या मनांत उभी होती. धारावींतली ती गल्ली आमच्या मनांत नव्हतीच. आमच्या लेखीं तेथें गल्ल्या नव्हत्या, खोल्या नव्हत्या, नुसती ‘धारावी’ होती. आतां मागाहून वहींत अक्षर वाढवितां येत नाहीं. तें खोटें होईल. जें होतें त्याचाच दाखला आम्हीं दिला. त्यांच्या अर्जाचा निकाल अद्यापि लागावयाचा आहे. निकाल कसाही लागो. त्या रकान्यांतली रिकामी जागा आमच्या नांवावर आहे.

नियमशास्त्राच्या पंडितानें प्रभूस विचारलें कीं, माझा शेजारी कोण. त्यास व्याख्या हवी होती. प्रभूनें त्यास रस्ता दाखविला, व रस्त्याच्या कडेला पडलेला मनुष्य. विभागाचा नकाशा ही आपल्यासाठीं तीच रस्त्याची गोष्ट आहे. महानगरपालिकेनें दादर, माहीम व धारावी ह्यांस एका रेघेच्या आंत ठेवलें, तें आपल्यास विचारून नव्हे. परंतु त्या रेघेच्या आंतला प्रत्येक मनुष्य आपला शेजारी झाला. पश्चिमेकडचे आपण वर्षानुवर्षें समुद्राकडे तोंड करून फिरावयास जातों. दोन-अडीच किलोमीटरांवर रुळांपलीकडे आपलेच धर्मबंधु राहतात, ह्याची आठवण आपणांस नाताळच्या शिधावाटपाच्या वेळींच होते. ते दान घेणारे व आपण देणारे, अशी सोय आपण करून ठेवली आहे. आणि आतां पुनर्विकासांत त्यांच्यांतलीं कित्येक कुटुंबें शहराच्या दूरच्या टोकांस जाण्याचा संभव आहे. आपण त्यांस ओळखण्यापूर्वींच तीं निघून गेलीं, तर आपला महोत्सव अर्धाच झाला असें आम्ही समजूं.

म्हणून तीन गोष्टी आम्हीं ठरविल्या आहेत, व आपण त्यांत हात द्यावा. पहिली, आजपासून ह्या देवळाच्या कोणत्याही वहींत पूर्ण पत्त्याशिवाय एकही नोंद होणार नाहीं. पत्ता लांब असेल तर आम्ही दुसरी ओळ घेऊं. दुसरी, आपल्यांत निवृत्त कारकून आहेत, वकील आहेत, संगणक जाणणारे तरुण आहेत; त्यांनीं रविवारच्या मिस्सेनंतर एक तास बसून ज्यास अर्ज, दाखला, हरकत लिहून हवी असेल त्यास, धर्म न विचारतां, ती लिहून द्यावी. तिसरी, विभागाच्या कचेरींत आपलें जाणें फक्त आपल्या इमारतीच्या तक्रारीसाठीं नसावें. गल्लींतल्या नळासाठीं तेथला मनुष्य एकटा गेला तर त्यास उद्यां बोलावतात. त्याच्यासोबत दहाजण गेले तर त्यास बसावयास खुर्ची देतात. एवढें तरी आपल्या हातीं आहे. आणि जीं कुटुंबें दूर जातील, त्यांचे नवे पत्ते आपण जपून ठेवूं, व तेथल्या धर्मगुरूंस पत्र लिहूं. चालत्या माणसास वाटेंत सोडून देणें हें मेंढपाळाचें काम नव्हे.

मुळाच्या ग्रीक शब्दाचा दुसरा अर्थ आपण विसरूं नये: आपण सगळेच येथें पाहुणे आहों. कोळ्यांनंतर सर्व आले. कोणी राजाबरोबर, कोणी होडीनें, कोणी आगगाडीनें. पाहुण्यानें पाहुण्यास ‘तूं केव्हां आलास’ असें विचारावें, पण तें त्यास बाहेर काढण्यासाठीं नव्हे, तर जवळ सरकून जागा करून देण्यासाठीं.

ज्या प्रभूस जन्मसमयीं धर्मशाळेंत जागा मिळाली नाहीं, तो आपल्या घरांत, आपल्या देवळांत व आपल्या ह्या गजबजलेल्या विभागांत सदैव जागा घेवो. त्याची पवित्र माता, जी एके काळीं माहीमांत आश्रयास राहिली, ती घर जाण्याच्या भीतींत असलेल्या प्रत्येक कुटुंबाची पाठराखीण होवो. आणि सर्वसमर्थ परमेश्वर, पिता, पुत्र व पवित्र आत्मा, आपणां सर्वांस व आपल्या सर्व शेजाऱ्यांस आशीर्वाद देवो. आमेन.